फेंगड्या आणि मिरचीचा डगला

“ढब्बू, माझा डगला कुठाय?”

“चष्मिषच्या अंगात.”

“काय?”

“चष्मिषच्या अंगात!” ढब्बूनं तोंडातलं केळं गिळून पुन्हा एकदा नीट सांगितलं. “मामानंच दिला. सकाळी लवकर. तू घोरत होतीस.”

“मी घोरत नाही!” मिरची ओरडली आणि तशीच अनवाणी अंगणातून हॅचरीकडे, म्हणजे मामाच्या अंडी उबवायच्या कारखान्याकडे, धावली.

डगला म्हणजे काही राजाचा अंगरखा नव्हता. मामाचा जुना पांढरा कोट, बाह्या कापून आखूड केलेला, धुऊन धुऊन मऊ पडलेला. पण मामाच्या हॅचरीत एक रीत होती. सुट्टीत आलेल्या पोरांपैकी ज्याच्या अंगात डगला, तो मामाचा उजवा हात. मोठ्या मशीनमधली अंडी ट्रेमध्ये मांडायची आणि एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर आली की दार उघडायचं, हे सगळं त्यानं! गेल्या तीन सुट्ट्या हा मान मिरचीचा होता. मामीनं तर डगल्याच्या खिशावर लाल दोऱ्यानं एक मिरचीसुद्धा काढून दिली होती. मिरची हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण तिची जीभ एवढी तिखट, की खरं नाव कोणाला आठवतच नसे. आणि मिरचीचा गोलमटोल धाकटा भाऊ म्हटल्यावर तो ढब्बूच होणार, दुसरं काय?

बाहेरची घाण आत नको म्हणून हॅचरीच्या दारात सगळ्यांना चपला काढाव्या लागत. मामा आत पायमोज्यांवरच फिरायचा. आताही तो पायमोज्यांवर उभा राहून ट्रे पुसत होता आणि त्याच्या शेजारी, मिरचीचा डगला घालून, चष्मिष!

बरं, हा मामाचा भाचासुद्धा नव्हे. मामीच्या बहिणीचा मुलगा! परवाच पहिल्यांदा आलेला. जाड चष्मा, बारीक आवाज, चालताना पाय जरासे आत वळवून टाकायचा.

“तो माझा डगला आहे,” मिरची म्हणाली.

“काकांनी दिला,” चष्मिष गडबडून म्हणाला. “म्हणजे... फेंगड्याला खिसा हवा होता ना, ऊब मिळायला.”

तेवढ्यात खिशातून, बरोब्बर लाल मिरचीच्या वरून, एक पिवळं डोकं बाहेर आलं.

“चीं!”

फेंगड्याची गोष्ट काल, म्हणजे सोमवारी, सुरू झाली होती. काल पिल्लं फुटली आणि पाहतात तर काय, एक नाही, दोन नाही, सतरा पिल्लांना उभंच राहता येईना! पाय दोन बाजूंना फाकलेले आणि पोट जमिनीला टेकलेलं. एरवी अख्ख्या महिन्यात अशी एखाददुसरी निघायची.

“अंडीच खराब!” मामा कडाडला होता. “त्या अंडीवाल्या काकूंच्या कोंबड्यांमध्येच दोष आहे. पुढच्या आठवड्यापासून त्यांची अंडी बंद!”

तेवढ्यात हा चष्मिष म्हणाला, “काका, पाय बांधले तर सरळ होतील.” त्यानं चिकटपट्टीची अगदी बारीक पट्टी कापली आणि पिल्लाचे दोन्ही पाय एकमेकांपासून जेवढे हवेत तेवढेच राहतील अशी गुंडाळली. मग पिल्लाला फडकं घातलेल्या चहाच्या कपात बसवलं, म्हणजे पाय पोटाखालीच राहतील. मामीनं आणि त्यानं मिळून सतराच्या सतरा पिल्लांना पट्ट्या लावल्या.

मामानं त्यातलं सगळ्यात वाईट पायांचं पिल्लू उचललं. “हे शुक्रवारपर्यंत उभं राहिलं, तर सतराही तुमची. अंगणात पाळा खुशाल! नाही राहिलं, तर ही टोपली मी माझ्या पद्धतीनं रिकामी करीन.”

ती पद्धत कोणती, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. ते पिल्लू म्हणजेच फेंगड्या.

“तर मग मी आता काय करू?” मिरचीनं मामाला विचारलं.

“तू? तू कागद दे.”

कागद दे! काल-परवापर्यंतची उजवा हात, आज कागद देणारी! मिरचीला रडू फुटणारच होतं, पण चष्मिषसमोर रडण्यापेक्षा तिनं कागदाचा गठ्ठा उचलला. मामाच्या छापखानेवाल्या मित्रानं छपाईत बिघडलेले जाड, चकचकीत कागद फेकायला काढले होते. त्यावर टूथपेस्टची जाहिरात होती. एक माणूस बत्तीस दात दाखवून हसत होता, प्रत्येक कागदावर तस्साच! मामानं या महिन्यापासून ट्रेमध्ये गोणपाटाऐवजी तेच कागद घालायला सुरुवात केली होती.

“गोणपाट धुवा, वाळवा, कोण कटकट करणार? हा पुसला की स्वच्छ!” मामा खुशीत म्हणाला.

मशीन सांभाळणारे अण्णा मान खाली घालून पुटपुटले, “मालक म्हणाले कागद, तर कागद.”

चार ट्रेमध्ये अंडीवाल्या काकूंची शेवटची अंडी मांडली गेली. मोठ्या मशीनमध्ये अठरा दिवस उबलेली ती अंडी शुक्रवारी फुटणार होती. ती मांडली कोणी? चष्मिषनं. मशीनचं दार लावलं कोणी? चष्मिषनं. आणि वर मामा म्हणतो कसा, “बघ मिरचे, किती हलक्या हातानं ठेवतो! शीक जरा.”

ढब्बूनं हळूच बहिणीकडे पाहिलं. “ताई, तुझं नाक लाल झालंय.”

“गप्प बस!”

“मिरचीलाच मिरच्या झोंबल्या!” ढब्बू म्हणाला आणि टपली बसायच्या आत पळाला.

पण खरा जळफळाट पुढेच होता. चष्मिषनं जिभेनं ‘टक् टक्’ असा आवाज केला की फेंगड्या मान उंच करून “चीं चीं” करायचा. मिरचीनंही केला आवाज. टक् टक्! फेंगड्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. तिनं पुन्हा केला. फेंगड्यानं डोळे मिटले आणि झोपला!

‘एवढंसं पिल्लू, तेसुद्धा त्याचंच!’ मिरचीला वाटलं. तिला त्या पिल्लाचा राग आला, चष्मिषचा आला, खिशावरच्या त्या लाल मिरचीचासुद्धा आला.

दुपारी जेवणं झाली. मामा आडवा झाला. चष्मिषला मामीनं डोक्याला तेल लावायला पकडलं होतं. डगला खुंटीवर होता आणि फेंगड्या दिव्याच्या उबेत, कपामध्ये.

मिरचीनं इकडेतिकडे पाहिलं आणि कप उचलला!

तिचा बेत अगदी साधा होता. पट्टी काढायची, फेंगड्याला आपल्याकडे चालत आणायचं आणि मग सगळ्यांना हाका मारून दाखवायचं. बघा, त्याच्या पट्टीनं नाही, माझ्यामुळे चालला! वजनकाट्याच्या खोलीत मोठं टेबल होतं. त्यावरही मामानं तोच दातवाला कागद अंथरला होता. कोमट पाण्यानं भिजवून तिनं पट्टी हळूच सोडवली आणि फेंगड्याला टेबलावर ठेवलं.

“ये! टक् टक्! ये ना!”

फेंगड्यानं उठायचा प्रयत्न केला. सर्रकन एक पाय इकडे, दुसरा तिकडे, आणि पोट त्या हसऱ्या माणसाच्या दातांवर आपटलं! तो किंचाळायलाच लागला. मिरचीनं घाबरून त्याला उचललं, पुन्हा ठेवलं. पुन्हा सर्रकन! आपण हे काय करून बसलो?

तिनं खांद्यावरचा खरखरीत पंचा टेबलावर टाकला आणि फेंगड्याला त्यावर बसवलं, निदान मऊ तरी लागेल म्हणून. फेंगड्याच्या नखांनी पंच्याचे धागे पकडले. पाय थरथरले, पण पोटाखालीच राहिले. एक क्षण, दोन क्षण... तो अर्धामुर्धा उभा होता!

मिरची बघतच राहिली. तिनं त्याला कागदावर ठेवलं. घसरला! पंच्यावर ठेवलं. सावरला!

मग तिनं त्या दातवाल्या माणसाकडे पाहिलं. हा टेबलावर आहे आणि हाच मशीनमधल्या ट्रेमध्येही आहे! ओलं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं, उठायला जातं आणि कागदावरून घसरतं. सारखं घसरतं. पाय फाकतात ते फाकतातच! म्हणजे अंडीवाल्या काकूंच्या कोंबड्यांचा काहीच दोष नव्हता!

“सापडलं!” ती ओरडणार होती. पण तिनं तोंडावर हात दाबला. कसं सापडलं, असं कोणी विचारलं तर? पिल्लू चोरलं, पट्टी काढली, दोनदा आपटलं, हे सांगायचं? मग डगला तर गेलाच, हॅचरीचं दारही बंद!

तिनं घाईघाईनं नवी पट्टी कापली, कशीबशी गुंडाळली आणि कप जागच्या जागी ठेवून दिला.

संध्याकाळी चष्मिषनं फेंगड्याला हातात घेतलं. पाय सकाळपेक्षा ढिले होते. त्यानं पट्टीकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, मग चष्मा वर करून मिरचीकडे पाहिलं. गुपचूप पट्टी सोडवून नवी लावली.

तेवढ्यात आतून मामाचा फोनवरचा आवाज आला. “नाही हो काकू, काही बोलू नका! सतरा पिल्लं अधू निघाली. शनिवारी मी स्वतःच येऊन तुमच्या टोपल्या परत देतो. यापुढे तुमची अंडी नकोत.”

काल पिल्लं बघायला आलेल्या अंडीवाल्या काकूंचा एवढासा झालेला चेहरा मिरचीला आठवला. ती तडक अंगणात गेली आणि पायरीवर बसलेल्या चष्मिषला म्हणाली, “मी काढली होती पट्टी.”

“माहितीय.”

“कसं?”

“तू चिकट बाजू बाहेर ठेवली होतीस.”

“मग सांगितलं का नाहीस मामाला?”

चष्मिषनं फेंगड्याच्या पाठीवरून बोट फिरवलं. “काकांनी तुला आत येऊ दिलं नसतं. आणि पट्टी काढली तरी परत लावता येते. मी लहान असताना माझ्या पायांना पण पट्टे होते. मी रोज रात्री सोडून टाकायचो म्हणे, आई रोज सकाळी परत लावायची.”

मिरचीनं त्याच्या आत वळलेल्या पावलांकडे पाहिलं. परवाच तिनं ढब्बूला त्याच्या चालीची नक्कल करून दाखवली होती. तिचे कान गरम झाले. पण खरं सांगायचं तर त्यातही ती जळलीच. आता चांगुलपणातसुद्धा हाच पुढे!

“ऐक,” ती म्हणाली आणि तिनं कागदाची, पंच्याची सगळी हकीकत सांगून टाकली. चष्मिषचे डोळे चष्म्यामागे केवढे तरी मोठे झाले.

“मिरची! हे मला सुचलंच नव्हतं! मी नुसतं पायांकडेच बघत होतो!”

हे ऐकून तिला जरा बरं वाटलं. जरा नाही, बरंच!

बुधवारी सकाळीच तिनं मामाला गाठलं. “मामा, दोष अंड्यांचा नाही, कागदाचा आहे. पिल्लं घसरतात.”

“वीस वर्षं धंदा करतोय मी!” मामा हसला. “आणि आता तू मला शिकवणार? कागदानं कधी पाय मोडतात का? जा, खेळा जा!”

“मग ट्रेमध्ये परत गोणपाट घालून बघ!”

“शेवटचे तीन दिवस मशीनचं दार उघडायचं नसतं. विषय संपला!” आणि मामा कामाला बाहेर निघून गेला.

विषय संपला? मिरचीच्या बाबतीत विषय असा संपत नसतो!

“अण्णा,” तिनं गळ घातली, “चारपैकी दोनच ट्रे. दोनांत गोणपाट, दोनांत कागदच राहू दे. म्हणजे शुक्रवारी आपोआपच कळेल.”

अण्णांनी डोकं खाजवलं. “दार उघडलं की वाफ जाते, पोरी. अंडी कोरडी पडतात. मालक मला फाडून खातील.”

“एका ट्रेला दोन मिनिटं!” चष्मिष म्हणाला. “आधीच गोणपाट घालून रिकामे ट्रे तयार ठेवू. खोलीत गरम पाण्याच्या बादल्या ठेवू, म्हणजे हवा दमट राहील.”

अण्णांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. “कागद मलाही पटला नव्हता,” ते हळूच म्हणाले. “पण मी तोंड उघडलं नाही. आणा ते गोणपाट!”

ढब्बूला फाटकावर पहाऱ्याला बसवलं. मामा दिसला की त्यानं जोरात खोकायचं. मग दार उघडलं! अण्णा अंडी उचलत होते, मिरची ती गोणपाटावर मांडत होती, चष्मिष घड्याळ धरून सेकंद मोजत होता. पहिला ट्रे झाला. दुसरा अर्धा झाला आणि बाहेरून, “खो! खो! खो!”

“मामा आला!” मिरचीच्या हातातलं अंडं निसटताच चष्मिषनं ते वरच्या वर झेललं!

“शाबास!” ती नकळत बोलून गेली, आणि मग आपणच असं बोललो याचा तिला राग आला.

राहिलेली अंडी मांडून, दार लावून सगळे धापा टाकत बाहेर आले. फाटकावर कोणीच नव्हतं. फक्त ढब्बू लालबुंद होऊन खोकत होता.

“बिस्कीट... अडकलं... घशात!”

“तुला ना, ढब्बू, एक दिवस बिस्किटासारखं चहात बुडवीन!” मिरची म्हणाली.

शुक्रवार उजाडला. मशीनमधून कालपासूनच चिवचिव ऐकू येत होती. मामा पायमोज्यांवर पुढे झाला, चष्मिषनं दार उघडलं आणि मामानं पहिलाच ट्रे ओढला. त्यात गोणपाट!

“हे कोणी केलं?” मामा गरजला.

अण्णा पुढे होणार तोच मिरची म्हणाली, “मी! मीच सगळ्यांना तयार केलं. ओरड नंतर, मामा. आधी मोज!”

मोजलं. कागदाच्या दोन ट्रेमध्ये अकरा पिल्लं फेंगडी. गोणपाटाच्या दोन्ही ट्रेमध्ये एकही नाही! सगळी टुणटुण उड्या मारत होती.

“आणि सगळी अंडी अंडीवाल्या काकूंचीच आहेत,” चष्मिष म्हणाला.

मामा ट्रेकडे बघत राहिला. मग मिशीवरून हात फिरवत म्हणाला, “योगायोग! असा योगायोग होतो कधीकधी.”

मिरचीनं गठ्ठ्यातला एक कागद ओढला, त्यावर थोडं पाणी शिंपडलं आणि जमिनीवर अंथरला. “मामा, यावर उभा राहा.”

“म्हणजे?”

“राहा ना! कागदानं कधी पाय मोडतात का?”

मामानं ऐटीत एक पायमोजा कागदावर ठेवला. मग दुसरा ठेवला. सर्रकन! एक पाय इकडे, एक तिकडे! “अरे, अरे, अरे! अण्णाऽऽ!” मामानं अण्णांच्या गळ्याला मिठी मारली आणि पाय फाकून तसाच लोंबकळत राहिला. खालून तो बत्तीसदाती माणूस हसत होता.

“फेंगड्या मामा!” ढब्बू किंचाळला.

अण्णांना हसू आवरेना, त्यामुळे मामा आणखीच खाली घसरला. मामीनं येऊन त्याला उभं केलं. मामाचा चेहरा आधी लाल झाला, मग पडला आणि मग तोही हसायला लागला.

“हरलो!” तो म्हणाला. “वीस वर्षं धंदा करतोय आणि पिल्लाच्या पायांनी कधी विचारच केला नाही!” त्यानं तिथल्या तिथे फोन लावला. “काकू, चूक माझी होती. तुमच्या अंड्यांना मी उगाच नावं ठेवली. उद्या टोपल्या परत द्यायला नाही, अंडी घ्यायला येतो. आणि माफी मागायला.”

फोन ठेवून तो वळला. “कोणाच्या डोक्यातून निघालं हे?”

“मिरचीच्या,” चष्मिष पटकन म्हणाला.

आता नुसतं हसून गप्प राहता आलं असतं. पण मिरचीला ते जमेना. “मी फेंगड्याला चोरून नेलं होतं,” ती म्हणाली. “पट्टी काढली. याच कागदावर दोनदा पाडलं त्याला. मी जळत होते, म्हणून. तेव्हाच कळलं.”

मामानं फेंगड्याच्या कपाकडे पाहिलं. “पिल्लाला पुन्हा असा हात लावलास तर बघ,” तो म्हणाला. “पण दुसऱ्याची चूक शोधताना स्वतःची सांगायला धीर लागतो. मी माझी चूक झाकून योगायोग म्हणालो. तू नाही झाकलीस. शाबास!” अण्णांनीही तिच्या डोक्यावर हात ठेवला.

पण खरी परीक्षा राहिलीच होती. गोणपाटाचा तुकडा अंथरला. चष्मिषनं फेंगड्याची पट्टी सोडवली आणि त्याला मधोमध ठेवलं. शेजारी टोपलीत सोळा पिल्लं चिवचिवत होती. मिरचीनं श्वास रोखून धरला. मंगळवारच्या आपल्या उपद्व्यापामुळे हा उभा राहिला नाही तर?

फेंगड्या डुगडुगला. बसला. पुन्हा उठला. दोन्ही पाय पोटाखाली! उभा राहिला!

“टक् टक्,” चष्मिषनं हाक मारली.

फेंगड्या तुरुतुरु निघाला, थेट चष्मिषच्या दिशेनं. मिरचीच्या छातीत एक बारीकशी कळ उठली. पण तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते काही त्यामुळे नाही. ते त्या पायांमुळे आलं.

“सतराही तुमची!” मामानं जाहीर केलं. “आजची अकरासुद्धा. लावा पट्ट्या!”

चष्मिषनं डगला काढला आणि मिरचीपुढे धरला. “हा तुझा.”

मिरचीनं तो घेतला. आत हात घातले. खिशावरच्या लाल मिरचीवरून बोट फिरवलं. मग दुसऱ्या, रिकाम्या खिशाकडे पाहिलं आणि डगला परत काढून मामीच्या हातात दिला.

“मामी, या खिशावर एक चष्मा काढून दे. एक दिवस तो घालेल, एक दिवस मी.”

मामीनं तिचा गालगुच्चा घेतला आणि दोऱ्याची पेटी आणली. चष्मिष इतका लाजला, की त्याचा खरा चष्मा नाकावरून घसरला. मिरची मामीच्या खांद्यावरून वाकून बघत राहिली. पहिली गोल काच झाली, दुसरी सुरू झाली, तशी तिला राहवेना.

“मामी,” ती तिच्या कानाशी लागून म्हणाली, “माझ्या मिरचीपेक्षा जरा छोटा काढ हं!”